एका इलेक्ट्रॉनचा हिशोब

बारावीच्या प्रॅक्टिकलला सॉल्टमध्ये नायट्रेट शोधलेल्यांना ब्राऊन रिंग टेस्ट नक्की आठवेल. परीक्षानळीत सॉल्टचं द्रावण, त्यात ताजं फेरस सल्फेट, मग नळी तिरकी धरून कडेकडेने सोडलेलं तीव्र सल्फ्युरिक आम्ल. आम्ल जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि दोन थर भेटतात तिथे तपकिरी कडं उमटतं. नळी जोरात हलवली की ते नाहीसं होतं. या कड्यात घडतं ते असं: फेरस, म्हणजे धन दोन भाराचं, लोह नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि तो वायू उरलेल्या लोहाला जाऊन चिकटतो. एक लोह, पाण्याचे पाच रेणू आणि नायट्रिक ऑक्साइडचा एक, एवढ्यांचा मिळून तो तपकिरी रंग.

नायट्रोजनचे ५ आणि ऑक्सिजनचे ६ मिळून नायट्रिक ऑक्साइडच्या रेणूत बाहेरचे ११ इलेक्ट्रॉन असतात. आकडा विषम, त्यामुळे एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा राहतो. लोह, कोबाल्ट, रुथेनियम अशा संक्रमण धातूंशी गाठ पडली की तो एक इलेक्ट्रॉन धातूला देता येतो किंवा उलट धातूकडून आणखी एक घेता येतो. दिला, तर नायट्रिक ऑक्साइड धातूच्या रेषेत सरळ उभा राहतो. घेतला, तर बहुधा वाकतो. अमोनियाचे पाच रेणू असलेल्या कोबाल्टच्या संयुगात धातू, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यातला कोन सुमारे १२० अंशांचा आहे. रुथेनियमच्या एका संयुगात तर दोन नायट्रिक ऑक्साइड एकाच धातूला जोडलेले आहेत, एक जवळजवळ सरळ, १७८ अंशांचा, आणि दुसरा १३८ अंशांवर वाकलेला. मला हे संयुग फार आवडतं. धातू एक, रेणू तोच, तरी वागणं दोन तऱ्हेचं.

प्रत्यक्षात मात्र इलेक्ट्रॉन नेमका कोणाकडे गेला, हे ठरवणं कठीण असतं. ब्राऊन रिंगमधलं लोह धन एक अवस्थेत असतं, म्हणजे नायट्रिक ऑक्साइडने त्याला इलेक्ट्रॉन दिलेला असतो, असं पाठ्यपुस्तकं सांगत आली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्णपटांच्या अभ्यासातून उलटं चित्र पुढे आलं: लोह धन तीन आणि नायट्रिक ऑक्साइड ऋण एक. अशा वादातून वाट काढण्यासाठी जॉन एनेमार्क आणि रॉबर्ट फेल्टहॅम या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच एक पद्धत सुचवली होती. वाटणी करूच नका, धातू आणि नायट्रिक ऑक्साइड यांचे संबंधित इलेक्ट्रॉन एकत्र मोजा. रसायनशास्त्रज्ञ आजही तसंच मोजतात.

आपल्या शरीरात हा वायू सतत तयार होत असतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून तो शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो आणि तिथल्या ग्वानिलेट सायक्लेज या विकराच्या हीममधल्या (लोहाला मध्ये धरून ठेवणारी कड्यासारखी रचना) लोहाला धरतो. या लोहाला एका बाजूने हिस्टिडिन नावाच्या अमिनो आम्लाचा आधार असतो. नायट्रिक ऑक्साइड समोरून जोडला गेला की तो आधार सुटतो, विकराचा आकार बदलतो आणि त्याचं काम कित्येक शे पटींनी वाढतं. स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते. कार्बन मोनॉक्साइडही याच लोहाला चिकटतो, पण हिस्टिडिनचा बंध तोडत नाही, म्हणून त्याचा परिणाम फार थोडा. रक्ताभिसरणातल्या नायट्रिक ऑक्साइडच्या भूमिकेसाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

वैद्यकात याचा थेट उपयोग म्हणजे सोडियम नायट्रोप्रुसाइड. रक्तदाब धोकादायक वाढला की आयसीयूमध्ये ते सलाइनमधून देतात. लोहाभोवती पाच सायनाइड आणि एक सरळ उभा नायट्रिक ऑक्साइड, अशी त्याची रचना. रक्तात त्याला एक इलेक्ट्रॉन मिळाला की रचना मोडते आणि नायट्रिक ऑक्साइड सुटतो. एक-दोन मिनिटांत दाब उतरू लागतो, ठिबक थांबवली की तितक्याच झटपट परिणाम ओसरतो. पण सायनाइडही सुटतात. यकृत त्यांना गंधकाशी जोडून निकामी करतं खरं, पण मात्रा फार वाढली किंवा औषध फार वेळ चाललं तर ते कमी पडतं, म्हणून डॉक्टरांना डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. प्रकाशानेही हे संयुग मोडतं, त्यामुळे बाटलीला फॉइल गुंडाळतात. द्रावण निळं-हिरवं दिसलं तर ते फेकून द्यायचं.

लोहाचा भार इथे निर्णायक आहे. फेरस हीम नायट्रिक ऑक्साइडला इतकं घट्ट धरतं की सहसा सोडत नाही. फेरिक, म्हणजे धन तीन लोहाच्या, हीमची पकड सैल. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला रोडनियस हा रक्तपिपासू कीटक नेमकं हेच वापरतो. त्याच्या लाळग्रंथी चेरीसारख्या लाल असतात, कारण त्यांत नायट्रोफोरिन नावाची हीमयुक्त प्रथिनं भरलेली असतात, आणि त्यांतलं लोह फेरिक असतं. आम्लधर्मी लाळेत नायट्रिक ऑक्साइड टिकून राहतो. चावल्यावर लाळ आपल्या ऊतींत मिसळते, आम्लता कमी होते, वायू सुटतो आणि रक्तवाहिनी रुंदावते. मोकळ्या झालेल्या लोहावर मग आपलंच हिस्टामिन येऊन बसतं, म्हणजे खाज-सुजेचा इशाराही दाबला जातो. ढेकणांनीही अशीच युक्ती साधली आहे, पण त्यांचं प्रथिन वेगळ्या घराण्यातलं आहे. त्यात लोहाला हिस्टिडिनऐवजी सिस्टीनच्या गंधकाचा आधार असतो, आणि एक नायट्रिक ऑक्साइड लोहावर, दुसरा त्या गंधकावर, असे दोन रेणू एका प्रथिनात मावतात.