सदोष वस्तू व असुरक्षित वास्तू : दिवाणी दायित्व (नागपूरच्या संदर्भात)

सदोष वस्तूमुळे, किंवा धोकादायक स्थितीतील इमारत, जिना, विहीर, वीजतार यांमुळे कोणाला इजा झाली, तर निर्माता, विक्रेता किंवा जागेचा भोगवटादार (जिचा ताबा ज्याच्याकडे आहे तो) यांच्यावर येणारी भरपाईची जबाबदारी. कायद्यात ती ‘अपकृत्य’, म्हणजे ज्याबद्दल भरपाई मागता येते असे हानिकारक कृत्य, या शाखेत मोडते. एकाच घटनेतून फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा स्वतंत्रपणे चालू शकतात.

उगम : या दायित्वाचे मूळ भारतीय की इंग्रजी, याविषयी मतभेद आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात (श्लोक २८७) अंगाला इजा करणाऱ्याने ‘समुत्थानव्यय’, म्हणजे जखमी बरा होईपर्यंतचा खर्च, द्यावा असे सांगितले आहे. पुढे सारथी अकुशल असल्याने गाडी भरकटून कोणी दुखावले, तर दंड मालकाला आणि सारथी कुशल असूनही तसे घडले तर सारथ्याला, असा भेद येतो. ग्रंथाचा काळ साधारणतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. तिसरे शतक यांदरम्यान मानला जातो. काही अभ्यासकांना यात मालकाच्या दायित्वाचे बीज दिसते. मात्र समुत्थानव्यय वगळता बहुतेक दंड राजाकडे जात. म्हणून प्रस्तुत नोंदीत हे साम्य मानले आहे, उगम नव्हे.

आजचा कायदा ब्रिटिश काळातून आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जेथे लिखित कायदा नाही तेथे ‘न्याय, समता आणि सदसद्विवेकबुद्धी’ यांनुसार निर्णय द्यावा, असे न्यायालयांना सांगितलेले होते. १८८७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधील तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय) त्याचा अर्थ, भारतीय समाजाला व परिस्थितीला लागू पडतील ते इंग्रजी नियम, असा लावला. पण इंग्रजी नियम कोणते? कालचे की आजचे? याचे उत्तर नागपुरातून आले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर उच्च न्यायालयात, सहकामगाराच्या चुकीबद्दल मालकाला जबाबदार न धरणाऱ्या जुन्या इंग्रजी बचावाचा प्रश्न १९३७ च्या एका निवाड्यात उपस्थित झाला. मुख्य न्यायमूर्ती गिल्बर्ट स्टोन यांनी स्पष्ट केले, की इंग्लंडचा रूढ (निवाड्यांतून घडलेला) कायदा तेथील सुधारणा-कायद्यांपासून तोडून न्याय्य म्हणता येणार नाही. आज तेथे जो कायदा आहे तोच पाहावा. १९५६ मध्ये हे न्यायालय संपले आणि नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, पण हा विचार टिकून राहिला. त्याचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही.

वास्तू : नागपूरच्या महाल, इतवारी भागांतल्या जुन्या वाड्यांची भिंत किंवा छज्जा पावसाळ्यात ढासळला, की पहिला प्रश्न ताबा कोणाचा हा असतो. मालक, भाडेकरू आणि कोर्टात अडकलेले हिस्सेदार एकमेकांकडे बोट दाखवतात. रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी मात्र नियम कडक आहे. दिल्लीच्या चांदणी चौकातील घंटाघर १९५१ मध्ये कोसळले. बांधकाम ८० वर्षांचे होते, आणि त्यात वापरलेला चुना पाहता कोसळलेल्या भागाचे आयुष्य ४०-४५ वर्षांचेच होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये, घटनाच निष्काळजीपणाचा पुरावा आहे, असे धरून नगरपालिकेला जबाबदार ठरवले.

आवारात आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. निमंत्रित (म्हणजे कामानिमित्त आलेला), केवळ परवानगीने आलेला (उदा. पाहुणा) आणि अतिक्रमी अशा उतरत्या पायऱ्या जुन्या इंग्रजी कायद्याने केल्या होत्या. इंग्लंडने १९५७ च्या कायद्याने पहिल्या दोघांतला भेद मिटवला. भारतात तसा कायदा नाही, तरी स्टोन यांचा निकष लावला तर हा भेद येथेही टिकू नये. पाहुणा आणि दूधवाला एकाच तुटक्या पायरीवरून पडतात. त्यांच्या हाडांची किंमत वेगळी लावणे न्याय्य नाही.

खड्डे व उघडे मॅनहोल यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मृत्यूस ६ लाख आणि इजेस ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. वीजतारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये वीज मंडळाला निष्काळजीपणा सिद्ध न होताही जबाबदार धरले.

वस्तू : ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील उत्पादन दायित्वाचे प्रकरण (कलमे ८२ ते ८७) जुलै २०२० पासून लागू आहे. नागपुरात त्याची खरी परीक्षा कुलरवर होते. एप्रिल लागला की माळ्यावरचे पत्र्याचे कुलर खिडकीत येतात. बॉडी एका कारागिराची, पंखा दुसऱ्याचा, पंप तिसऱ्याचा. पंपाचे इन्सुलेशन फाटले, अर्थिंग नसले, तर टाकीतले पाणी आणि सगळा पत्रा जिवंत होतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून नळी लावणाऱ्याला तो धरून ठेवतो. येथे निर्माता कोण? अधिनियमानुसार दुसऱ्यांनी केलेले भाग जोडणाराही निर्माता आहे. निर्माता सापडत नसेल, तर विक्रेत्यावर दायित्व येऊ शकते. मात्र इजेच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला होता किंवा तिच्यात फेरबदल केलेला होता, असा बचाव विक्रेत्याला आहे, आणि दर उन्हाळ्यात पंप बदलणाऱ्या घरांना तोच आडवा येतो. म्हणून अपघातानंतर कुलर मिस्त्रीला किंवा भंगारवाल्याला देऊ नये. पंचनामा आणि विद्युत निरीक्षकाचा अहवाल होईपर्यंत तो जसाच्या तसा ठेवावा. पंपाची पावती असल्यास तीही.

तक्रार दोन वर्षांत करावी लागते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारे घरचे लोकही ग्राहक ठरतात. परका वाटसरू बहुधा ठरत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये बंदी घातलेल्या नायलॉन मांजाने संक्रांतीत गळा चिरलेल्या दुचाकीस्वाराने तो मांजा विकत घेतलेला नसतो. त्याला दिवाणी न्यायालयाकडेच जावे लागते, आणि तेथे पतंग कोणाच्या गच्चीवरून उडत होता हे सिद्ध करणे त्याच्यावरच येते.