डॉक्टर–व्यवस्थापक संबंध

रुग्णालयात उपचारांचे निर्णय घेणारे डॉक्टर आणि खाटा, मनुष्यबळ व पैसा यांची घडी बसवणारे व्यवस्थापक यांचे कामकाजातील नाते. डॉक्टरांसमोर एक रुग्ण असतो आणि त्याच्यासाठी शक्य ते सारे करायचे, हीच त्यांची शिकवण असते. व्यवस्थापकाला दाराबाहेर ताटकळणारे सगळे दिसत असतात. काळजी दोघांनाही असते, त्यामुळे हे भांडण स्वभावांचे मानून सोडून देणे चुकीचे आहे.

ते पेटते बहुधा साध्या गोष्टीवरून. सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘आज घरी जाऊ द्या’ म्हणतात, पण डिस्चार्ज कार्ड दुपारी लिहिले जाते, औषधे संध्याकाळी हातात पडतात. तोवर अपघात विभागातला रुग्ण स्ट्रेचरवरच असतो. व्यवस्थापक डॉक्टरांना दिरंगाईबद्दल टोकतो. कार्ड लिहायचा निवासी डॉक्टर मात्र त्या वेळी शस्त्रक्रियागृहात उभा असतो.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत पूर्वी सर्वांच्या सहमतीने कारभार चाले. १९८३ मध्ये सेन्सबरी या सुपरमार्केट साखळीतील रॉय ग्रिफिथ्स यांच्या अहवालाने प्रत्येक पातळीवर एक उत्तरदायी व्यवस्थापक नेमण्याची शिफारस केली. अनेक डॉक्टरांना तो आपल्या अधिकारावरचा घाला वाटला. डॉक्टरांनीही व्यवस्थापनात उतरावे, असे त्याच अहवालात होते. ते फारसे आठवले जात नाही. पुढे लंडनच्या गाय्ज रुग्णालयाने जॉन्स हॉपकिन्स या अमेरिकी रुग्णालयाच्या धर्तीवर विभागांची सूत्रे डॉक्टरांकडे दिली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर-प्रमुखाच्या जोडीला प्रशासक असतो.

मात्र खुर्चीवर डॉक्टर बसवला की प्रश्न सुटला, असे नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या रुग्णालयात बालहृदय शस्त्रक्रियांतील मृत्यूंबद्दल एका भूलतज्ज्ञाने वारंवार इशारे दिले होते. तेथील मुख्य कार्यकारी स्वतः डॉक्टर होते, तरी वेळेत पावले उचलली गेली नाहीत. २००१ च्या चौकशी अहवालाने या प्रकरणात बंदिस्त गटबाजीवर बोट ठेवले.

उपयोगी पडते ते एकत्र पाहणे. व्यवस्थापकाने महिन्यातून एकदा तरी राउंडला यावे, डॉक्टरने रिकाम्या खाटांच्या बैठकीत बसावे आणि आकडेवारी दोघांनी एकाच कागदावर पाहावी. डॉक्टरांचा भरवसा नसलेले आकडे पुढे केले, तर चर्चा तिथेच थांबते. कोणावर कोणता उपचार करायचा हे डॉक्टरनेच ठरवायचे. डिस्चार्ज कार्ड दहाच्या आत कोण लिहील, हे मात्र दोघांनी बसून ठरवावे, आणि त्या वेळी निवासी डॉक्टरला मोकळे ठेवायची जबाबदारीही दोघांनी घ्यावी.