पडलेल्या खेळाडूला ओढून उठवू नका

भारताकडून कसोटी खेळलेला रमण लांबा फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्लब क्रिकेटचा सामना खेळत होता. शॉर्ट लेगला उभा, डोक्यावर हेल्मेट नाही. फलंदाजाचा फटका त्याच्या डोक्यावर इतक्या जोरात बसला की चेंडू उडून यष्टिरक्षकाच्या हातात गेला. लांबा पडला, सावरला आणि चालत मैदानाबाहेर गेला. मार किरकोळ वाटला होता. पण नंतर त्याची शुद्ध हरपली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया करूनही तो वाचला नाही.

मार लागल्यावर खेळाडू उठून बोलू-चालू लागला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. धोका नेमका तिथेच असतो. कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या अंगाने एक रोहिणी जाते. हाड तडकलं तर ती फाटू शकते. रक्त साचत जातं, कवटी तर फुगू शकत नाही, मग सगळा दाब मेंदूवर येतो. हे घडायला काही मिनिटं लागतात, कधी काही तास. तोवर खेळाडू ‘मला काही झालं नाही’ म्हणत असतो. म्हणून त्याला एकटं सोडू नका, एकट्याने घरी पाठवू नका. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, गुंगी आली, बोलणं अडखळलं, फिट आली, हात-पाय लुळा पडला किंवा डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, तर सीटी स्कॅन आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं.

मानेची गोष्ट वेगळी. दहीहंडीचा थर कोसळतो, वरचा गोविंदा डोक्यावर पडतो आणि चार जण त्याला काखेत आणि पायाला धरून उचलून धावतात. मान मागे लोंबकळत असते. त्यामागची माया खरी आहे, पण जन्माचं अपंगत्व याच धावपळीत येऊ शकतं. मणका मोडला तरी आतला मज्जारज्जू शाबूत असू शकतो. तो जेमतेम करंगळीएवढा जाड. मोडलेलं हाड सरकलं की तो चिरडतो. श्वासपटल हलवणाऱ्या नसा मानेतूनच निघतात, त्यामुळे इजा वरच्या मणक्यांपाशी असेल तर श्वासच थांबतो.

मग करायचं काय? एकाने १०८ ला फोन लावायचा. दुसऱ्याने पडलेल्याच्या डोक्यामागे गुडघे टेकून बसायचं, कोपरं जमिनीवर रोवायची आणि दोन्ही तळव्यांनी डोकं आहे त्याच स्थितीत धरून ठेवायचं. मान सरळ करायला जायचं नाही. त्याच्याशी बोलत राहायचं, पण ‘मान हलवून दाखव’ म्हणायचं नाही. पाणी पाजायचं नाही. उलटी होऊ लागली तर डोकं धरणाऱ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी खांदे, कंबर, पाय एकदम फिरवून अख्खं शरीर कुशीवर घ्यायचं. श्वास बंद पडला असेल तर मात्र मानेची काळजी मागे ठेवून छातीवर दाब द्यायला लागायचं. आयोजकांनी प्रत्येक पथकातल्या चार-पाच जणांकडून याचा सराव आधीच करून घ्यावा, असं मला कळकळीने वाटतं. हेल्मेट हवंच, पण ते मान वाचवत नाही.

मेंदूला नुसता हादरा बसला असेल तर स्कॅन बहुतेकदा स्वच्छ येतो, शुद्धही बऱ्याचदा हरपत नाही. खेळाडू गोंधळतो, तोच प्रश्न परत विचारतो, प्रकाश सहन होत नाही. अशाला त्या दिवशी पुन्हा खेळवायचं नाही. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टीव्ह स्मिथच्या मानेवर लागला. स्मिथ थोड्या वेळाने परत येऊन खेळला, पण दुसऱ्या दिवशी त्रास जाणवल्यावर त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. मेंदूला हादरा बसल्यामुळे उतरवलेला कसोटीतला तो पहिला बदली खेळाडू. आपल्या तालुका पातळीवरच्या कबड्डी स्पर्धांतही अशा बदलीची मुभा असावी, म्हणजे संघ कमी पडेल या भीतीने कुणी दुखणं लपवणार नाही.

हादरा बसल्यावर पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाईल कमी. मग हलकं चालणं. मुलांनी आधी शाळेत रुळायचं, मग धावणं, मग सराव. त्रास वाढला तर एक पायरी मागे यायचं. अंगाला अंग भिडणारा खेळ डॉक्टरांनी तपासून होकार दिल्यावरच.