चिंचेनं तगवलेलं वाघूळ

बडोद्याच्या नावात वड आहे, तसा वटवाघळाच्याही नावात. आमच्या दारातल्या आसोपालवाखाली, म्हणजे खोट्या अशोकाखाली, पावसाळ्यात रोज सकाळी चघळून टाकलेल्या बियांचा सडा असतो, तो यांचाच. दिवे लागणीला विश्वामित्री नदीवरून संथ पंख मारत ही वाघळं निघाली की मी आजही थांबून बघते. चार फुटांहून रुंद पंखांचा हा प्राणी फळं आणि फुलांच्या रसावर जगतो.

याचं शास्त्रीय नाव टेरोपस मीडियस. टेरोपस या प्रजातीत साठाच्या आसपास जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या बेटांवरच्या! मुख्य भूमीवर राहणारं आपलं वटवाघूळ या घराण्यात वेगळंच. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जेमतेम ५० किलोमीटरवरच्या पेम्बा बेटावर टेरोपस आहे, पण समोरच्या भूमीवर एकही नाही. हिंदी महासागराच्या पश्चिमेकडच्या बेटांवर ही वाघळं पूर्वेकडून आली, तीही एकदाच नव्हे, वेगवेगळ्या वेळी; जनुकांच्या तुलनेतून हे उलगडलं.

यातलं मला सर्वात जवळचं वाटतं ते रॉड्रिग्जचं सोनेरी वाघूळ, टेरोपस रॉड्रिसेन्सिस. १८७८ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ डॉब्सन यांनी त्याची स्वतंत्र जाती म्हणून नोंद केली. वजन पाव किलोच्या थोडं वर, डोक्या-खांद्यांवर सोनेरी लव. मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटरवर, १०८ चौरस किलोमीटरचं रॉड्रिग्ज बेट हेच त्याचं जग. त्या बेटाचा मूळचा असा दुसरा सस्तन प्राणी तिथे उरलेला नाही.

माणसांनी बेटावरचं जंगल जवळजवळ संपवलं. त्यात चक्रीवादळं. वादळात झाडांवरची फळं झडतात, आणि उडून जावं तर चहूकडे समुद्र. मादीला एका खेपेला एकच पिल्लू होतं, त्यामुळे झीज लवकर भरून येत नाही. १९७०च्या दशकात ही वाघळं शंभराहूनही कमी उरली. ती टिकली कास्काद पिजाँ नावाच्या दरीतल्या झाडीच्या आडोशाला. १९७६ मध्ये काही वाघळं मॉरिशसला आणि इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन वाढवली गेली. बेटावर झाडं लावली, लोकांना सोबत घेतलं. आज तिथे वीस हजारांच्या वर वाघळं आहेत.

मूळ जंगल गेल्यावर त्यांचं पोट भरलं ते मुख्यतः माणसांनी आणलेल्या आंबा आणि चिंचेवर. चिंचेचा गर तोंडात दाबून रस चोखायचा आणि चोथा थुंकून द्यायचा, हुबेहूब आमच्या आसोपालवाखाली दिसतो तसा.