वाड्यातली जुनी बंदूक आणि परवाना

‘100 वर्षांपेक्षा जुनी बंदूक म्हणजे पुरातन वस्तू, तिला परवाना लागत नाही’ असा निरोप पुण्यातल्या कौटुंबिक ग्रुपवर अधूनमधून फिरतो. गैरसमज होणं स्वाभाविक आहे, कारण 100 वर्षांची अट खरोखरच आहे. मात्र ती 1972 च्या पुरावशेष कायद्यातली. परवान्याचा प्रश्न 1959 चा शस्त्र कायदा ठरवतो.

त्याच्या कलम 45 मध्ये जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे. पण अट अशी की दुरुस्त करूनही त्यातून गोळी सुटता कामा नये. म्हणजे कसोटी वयाची नाहीच. ठासणीची बंदूक नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरले की आजही उडते; कोकणात पीकरक्षणासाठी तिचे रीतसर परवाने घेतात.

आता ‘ही पेशवाईतली’ हा दावा. चाप ओढल्यावर हातोडी पडते तिथे टोपी (आघाताने पेटणारी छोटी स्फोटक डबी) बसवायची बारीक पोकळ बोंडी दिसली, तर ती टोपीची बंदूक. ही पद्धत रुळली ती 1818 नंतर, म्हणजे पेशवाई संपल्यावर. (पेटत्या वातीने उडणारी तोड्याची किंवा गारेच्या ठिणगीने उडणारी चकमकीची असेल, तर दावा निदान शक्यतेतला. तरी नंतर टोपीवर बदलून घेतलेल्याही असतात, म्हणून नळी जुनी आणि चाप नवा हेही संभवतं.)

आजोबांच्या नावचा परवाना त्यांच्यामागे आपोआप नातवाकडे येत नाही. हत्यार पोलीस ठाण्यात जमा करून वारसाने अर्ज करायचा: शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. बंदूक उडते की नाही, हे घरी आजमावू नका. नळीत जुना बार असू शकतो.