कृतीचा फोटो आणि फोटोसाठीची कृती

एका फोटोत सार्वजनिक संडासात बसलेला उघडा माणूस आहे, आणि त्याच्या अंगभर माश्या. दुसऱ्यात दिवाणावर रेललेला एक दाढीवाला गृहस्थ, भोवती भडक कपड्यांतल्या बायका. दोन्ही 'समकालीन चिनी फोटोग्राफी' या नावाखाली शेजारी शेजारी छापले जातात, आणि बघणारा दोन्हींना एकाच मापाने मोजतो. घोटाळा तिथेच होतो. पहिल्यात घडत असलेल्या कृतीची नोंद आहे. दुसऱ्यात सगळा प्रसंग कॅमेऱ्यासाठी मांडलेला आहे. फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो: कॅमेरा तिथून उचलून नेला असता, तर मागे काय उरलं असतं?

पहिला फोटो 1994 सालचा. बीजिंगच्या पूर्वेकडे एक बकाल वस्ती होती. भाडं परवडायचं म्हणून बाहेरगावचे तरुण कलाकार तिथे राहायचे आणि तिला 'पूर्व गाव' म्हणायचे. झांग हुआनने अंगाला मध आणि माशाचं तेल फासलं आणि भर उन्हाळ्यात तिथल्या सार्वजनिक संडासात सुमारे तासभर हलला नाही. मग उठून जवळच्या तळ्यात उतरला. कृतीचं नाव '12 चौरस मीटर', म्हणजे त्या संडासाचं क्षेत्रफळ. शेजारीच राहणाऱ्या रोंग रोंगने ती कृष्णधवल फिल्मवर टिपली. कॅमेरा नसता तरी माश्या बसल्याच असत्या. फोटोचं बळ त्यातच आहे: ज्या घाणीत सगळी वस्ती रोज जायची, ती एका माणसाने तासभर अंगावर घेतली.

चिनी भाषेत या प्रकाराला 'शिंगवेई यीशू' म्हणतात, म्हणजे वर्तनाची कला. 'परफॉर्मन्स' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रंगमंच आणि प्रेक्षक येतात. चिनी शब्दात तसं काही नाही, आणि तोच शब्द इथे जास्त चपखल बसतो.

या प्रकारात श्रेयाचा गोंधळ हमखास होतो. तोच क्षण झांग हुआनच्या नावाने '12 चौरस मीटर' असतो आणि रोंग रोंगच्या 'पूर्व गाव' मालिकेत क्रमांक लागलेला त्याचा स्वतःचा फोटो असतो. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, म्हणून फोटोखालची ओळ लिहिताना कृती कोणाची आणि छायाचित्र कोणाचं, ही दोन्ही नावं हवीत. 1995 साली बीजिंगजवळच्या मियाओफेंग पर्वतावर दहा कलाकार उघड्या अंगाने एकमेकांवर आडवे झाले. आधी प्रत्येकाचं वजन केलं, मग सगळ्यात जड चौघे तळाला, त्यांच्यावर तिघे, दोघे आणि माथ्यावर एक. कृतीच्या नावातच हेतू होता: एका निनावी डोंगराची उंची एक मीटरने वाढवायची. ल्यू नानने काढलेला तो फोटो जगभर गेला, पण बरेचदा एकट्या झांग हुआनच्या नावाने. बाकीच्या सहभागींनी पुढे हक्क सांगितला, आणि तो सांगायलाच हवा होता.

दुसरा घोटाळा वेळेचा. 1996च्या वर्षअखेरच्या रात्री सोंग दोंग हा कलाकार बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात पालथा पडून 40 मिनिटं फरशीवर श्वास सोडत राहिला. तापमान उणे 9 अंश. श्वासाने फरशीवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला आणि सकाळपर्यंत नाहीसा झाला. नंतर त्याने हेच होउहाय तलावाच्या गोठलेल्या पृष्ठभागावर केलं. तिथे काहीच बदललं नाही. फोटोत मात्र दिसते एक पडलेली काळी आकृती आणि मागे तिआनआनमेनचं उजळलेलं दार. मिनिटं आणि अंश छापले नाहीत, तर रस्त्यात कोणी कोसळलंय एवढंच कळतं. त्याच वर्षी ल्हासा नदीत बसून त्याने 'पाणी' हे अक्षर कोरलेला लाकडी शिक्का पाण्यावर मारला. त्या कृतीचे 36 फोटो आहेत. त्यातला एकच उचलून छापला, तर शिक्का पुन्हा पुन्हा मारूनही पाण्यावर उमटत नाही, हे हातातून निसटतं.

आता सुरुवातीचा दुसरा, मांडलेला फोटो. वांग छिंगसोंग मुळात चित्रकार. 2000 सालची त्याची 'लाओ लीच्या रात्रीच्या मैफली' 120 सेंटिमीटर उंच आणि 960 सेंटिमीटर लांब आहे. आधार आहे दहाव्या शतकातल्या गु होंगचोंगच्या गुंडाळी-चित्राचा. राजाच्या नोकरीवरून मन उडालेला मंत्री हान शीत्साई आणि त्याच्या घरच्या मैफली, पाच भागांत. मंत्र्याच्या जागी वांगने कलासमीक्षक ली शियानतिंगला, म्हणजेच नावातल्या लाओ लीला, बसवलं आणि स्वतः बाजूने डोकावणारा झाला. गुंडाळीतल्या मंत्र्यासारखाच ली एका पट्टीत पुन्हा पुन्हा दिसतो. एकच माणूस एका क्षणी पाच ठिकाणी नसतो, म्हणजे पट्टी वेगवेगळे फोटो जोडून केलेली आहे. ही खूण लपवलेली नाही. नव्या पैशाच्या शहरात विचारवंताला मैफलीपलीकडे काम उरलं नाही, हे ती बघणाऱ्याला कळावं म्हणूनच आहे. इथे 'हे खरंच घडलं का?' विचारणं निरर्थक. कपडे, चेहरे, कोण कुठे बसलंय, हे वाचायचं असतं, आणि तेही मोठ्या आकारात. फोनच्या पडद्यावर 960 सेंटिमीटरची पट्टी म्हणजे नुसती रंगीत रेघ.

खरी अडचण ल्यू बोलिन या कलाकारापाशी येते. नोव्हेंबर 2005 मध्ये बीजिंगमधली सुओजिया गावातली कलाकारांची वस्ती पाडली गेली. त्याने अंगावर मागच्या ढिगाऱ्याचेच रंग चढवून घेतले आणि त्यापुढे उभा राहिला. 'शहरात लपताना' ही मालिका तिथून सुरू झाली. तो तासन्‌तास निश्चल उभा राहतो, रंग सहायक लावतात, शटरही दुसराच दाबतो. म्हणून अनेक जण ती कृतीची नोंद समजतात. पण कॅमेरा वीतभर सरकवून बघा: अंगावरच्या विटांच्या रेघा मागच्या विटांशी जुळत नाहीत आणि माणूस लगेच उठून दिसतो. तो फक्त कॅमेऱ्याच्या एकाच जागेवरून नाहीसा होतो. माझ्या मते हा मांडलेलाच फोटो आहे, जरी अंगमेहनत खरी असली तरी. शटर कोणी दाबलं, यावरून निवाडा होत नाही.

शिंग दानवेनचं काम बघितलं की हे हाताला लागतं, कारण तिने दोन्ही केलं. नव्वदीत पूर्व गावातल्या कृती तिनेही टिपल्या. 2004 पासूनच्या 'शहरी कल्पित' मालिकेत तिने बिल्डरांनी फ्लॅट विकण्यासाठी बनवलेली इमारतींची मॉडेल्स टिपली आणि त्यांच्या खिडक्या-गच्च्यांवर संगणकावर इवल्या आकृत्या घातल्या. त्या ती स्वतःच आहे, वेगवेगळ्या वेशांत. हे फोटो बघताना आधी इमारत बघू नका. भिंग घेऊन मजले शोधा: कोरी करकरीत, बिनमाणसांची सोसायटी आणि एका कोपऱ्यात नखाएवढी एकटी बाई.