जांभ्याची धूळ, खारी हवा आणि डर्ट जंप सायकलचा फोर्क

डर्ट जंप सायकल म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारायची सायकल. तिच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के पचवणाऱ्या भागात, प्ले (ढिलेपणा) आला की पहिला प्रश्न खर्चाचा पडतो. बुश (नळी जिच्यात सरकते ती आतली कडी) आणि ऑइल सील (तेल आत आणि धूळ बाहेर ठेवणारं रबर) बदलून भागेल, की फोर्कच नवा घ्यायचा? गोव्यात हा प्रश्न जरा लवकरच समोर येतो. इथे उड्यांपेक्षा सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या पठारावरची, तांबडी धूळ आणि समुद्राची खारी हवा फोर्कला जास्त खाते, असं माझं ठाम मत आहे.

आधी प्ले कुठे आहे ते शोधा. पुढचा ब्रेक दाबून धरा. वरची गुळगुळीत नळी खालच्या पायात जिथे शिरते, तिथे सीलच्या कडेवर दुसऱ्या हाताची बोटं टेकवा आणि सायकल पुढे-मागे हलवा. टकटक तिथे जाणवली तर बुश गेलाय. हँडलखाली जाणवली तर फक्त हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) सैल आहे, तो आवळला की झालं.

सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरा. दीड मीटरवरून सपाट जमिनीवर आदळताना वेग ताशी जवळपास २० किलोमीटर असतो आणि ऊर्जा सुमारे १२०० ज्यूल. फोर्कची चाल (दबण्याचं अंतर) मात्र जेमतेम ८० ते १०० मिलिमीटर. एवढ्याशा अंतरात तो एकटा हे सगळं पचवू शकत नाही. कोपर आणि गुडघे मोठा भार उचलतात, लँडिंगला उतार असेल तर तोही. शिवाय फोर्कवर येणारा धक्का सरळ येतच नाही. हेड ट्यूब (फ्रेमची पुढची नळी, जिच्यातून फोर्क वर जातो) जमिनीशी साधारण ६९ अंशांचा कोन करते, म्हणजे फोर्क उभ्या रेषेपासून २१ अंश कललेला असतो. त्यामुळे जमिनीकडून येणाऱ्या बलाचा एक-तृतीयांशाहून मोठा घटक फोर्क दाबण्याऐवजी तो वाकवायला बघतो. हा भार पडतो बुशवर. म्हणून बुश चहूबाजूंनी सारखा झिजत नाही. पुढे आणि मागे जास्त झिजतो आणि गोल भोक हळूहळू लांबट होतं.

बुश म्हणजे पोलादाची पातळ गोल पट्टी, तिच्यावर कांस्याचा सच्छिद्र थर आणि त्या छिद्रांत भरलेलं टेफ्लॉन. टेफ्लॉन निसरडं असतं, म्हणून नळी सहज सरकते. पण ते मऊही असतं. आणि नेमका हाच मऊपणा जांभ्याच्या मुलखात नडतो. जांभ्याच्या धुळीत लोहाची ऑक्साइडं असतात, वाळूचे बारीक कणही असतात. सील थकलं की ही धूळ आत जाते, टेफ्लॉनमध्ये रुतून बसते आणि बुशचा पॉलिश पेपर होतो. वेळेवर न उघडलेल्या फोर्कमधून निघणारं तेल मी जवळून पाहिलं आहे. मूळचं पारदर्शक तेल दाट, विटकरी झालेलं, आणि बोटांवर चोळलं तर खरखर लागते. अनेक कंपन्या ५० तास चालवल्यावर खालचे पाय उघडून तेल बदलायला सांगतात. गोव्यात उन्हाळ्यात मी तेवढंही थांबणार नाही.

बुश बदलता येतो. जुना ओढून काढायला आणि नवा अचूक मापाने बसवायला खास हत्यार लागतं. हातोडीने ठोकून बसवलेला बुश वाकडा बसतो.

खरा निर्णय होतो तो वरच्या नळीवर. चांगल्या फोर्कची नळी अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिच्यावर अ‍ॅनोडायझिंगचा थर असतो. हा रंग नव्हे. आम्लाच्या द्रावणात वीज सोडून धातूच्या पृष्ठभागाचंच ऑक्साइड केलेलं असतं. थर केसाच्या जाडीहूनही पातळ, पण खालच्या धातूपेक्षा कितीतरी कठीण. नळीवरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर चिंता नको. बारीक टोच असेल तर तिथे नेलपॉलिश भरून २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासलं की सील वाचतं. पण थर उडून पांढरट चकचकीत पट्टा दिसू लागला असेल, तर ती नळी संपली. पुन्हा अ‍ॅनोडायझिंग करायचं तर जुना थर काढावा लागतो, नळी बारीक होते आणि नव्या बुशमध्येही प्ले राहतो. मोटरसायकलच्या पोलादी नळीला पुन्हा हार्ड क्रोम करून मिळतं. तोच उपाय इथे चालेल असं धरू नका.

नळ्या वरच्या क्राउनमध्ये, म्हणजे दोन्ही नळ्या जोडणाऱ्या आडव्या भागात, दाबून बसवलेल्या असतात. तिथून करकर येत असेल किंवा बारीक चीर दिसत असेल, तर एकही उडी मारू नका. वेल्डिंग तर नाहीच नाही.

खालचे पाय बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात. शुद्ध मॅग्नेशियमची घनता घन सेंटीमीटरला १.७४ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची २.७, म्हणून वजन वाचतं. पण खारट ओलाव्यात पोलादी बोल्टला टेकलेलं मॅग्नेशियम स्वतःच गंजतं आणि पांढरी भुकटी सुटते. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात, रंग उडालेल्या जागा मे संपायच्या आत झाकून घ्या.

नवा फोर्क घ्यायचाच ठरला तर लांबी पाहा. २६ इंची चाकाचे १०० मिलिमीटर चालीचे फोर्क आता मोजकेच बनतात. म्हणून १४० मिलिमीटर चालीचा जुना ट्रेल फोर्क (डोंगरवाटांच्या सायकलचा) बसवायचा मोह होतो. लांबी २० मिलिमीटरने वाढली की हेड ट्यूबचा कोन साधारण एक अंशाने कमी होतो. पुढचा भाग उचलला जातो आणि हेड ट्यूबच्या जोडावरचा ताण वाढतो. काही एअर फोर्कची (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणाऱ्या) चाल आतला दांडा बदलून कमी करता येते, ते आधी विचारून घ्या. स्टिअरर ट्यूब (हेड ट्यूबमधून हँडलपर्यंत जाणारी फोर्कची नळी) सरळ आहे की खाली रुंद होत जाणारी, हबचा अ‍ॅक्सल (चाकाच्या मधला दांडा) १५ मिलिमीटरचा की २० चा, हेही ऑर्डर देण्यापूर्वी मोजा. स्टिअरर कापताना जुन्या फोर्कवरून माप घ्या आणि पहिल्यांदा पाच मिलिमीटर जास्तच ठेवा. स्पेसर (हँडलखालची कडी) नंतरही काढता येतो.